जुनी प्रत पुसू नका

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए. विजेची उघडी तार दिसली, तरी दोन पावलं मागे सरतो. तरीही आज बोलणार आहे एका चिपविषयी.

पवनेकाठच्या आमच्या रावेतला आता उंच इमारती झाल्या आहेत. माझ्या भाच्याची चाकणमधली कंत्राटी नोकरी सुटली, तेव्हा त्याने इथेच एका गाळ्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान थाटलं. पहिलं मोठं काम आलं शेजारच्या काकूंचं. टीव्ही लावला की पडद्यावर कंपनीचं नाव येई आणि तिथेच अडे. "अख्खा बोर्ड बदलावा लागेल," असं त्यांना एका ठिकाणी सांगितलं होतं. खर्चाचा आकडा ऐकून काकू गप्प झाल्या होत्या. पेन्शनवर चालणारं घर, आणि सोबतीला तेवढा एक टीव्ही.

भाचा म्हणाला, "मामू, बोर्ड चांगला आहे. त्याचं पाठांतर बिघडलंय."

बोर्डावर नखाएवढी, आठ पायांची एक चिप असते. ती फ्लॅश मेमरी. सुरू झाल्यावर टीव्हीने काय काय करायचं, ते सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. त्याला फर्मवेअर म्हणतात. ही अक्षरं म्हणजे कोंडून ठेवलेला विद्युतभार. म्हणून वीज गेली तरी ती टिकतात. पण लिहिणं चालू असतानाच वीज गेली, किंवा वर्षांनुवर्षांनी तो भार गळाला, की मजकूर बिघडतो. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ही मेमरी जगापुढे मांडली. ती झटक्यात पुसली जाते, हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि तेच नाव पडलं. म्हणजे नाव मिळालं ते लिहिण्यावरून नव्हे, पुसण्यावरून!

भाच्याने भंगारातून त्याच मॉडेलचा, पडदा फुटलेला टीव्ही मिळवला. त्याच्या चिपमधला मजकूर काकूंच्या चिपमध्ये उतरवायचा होता. गरम हवेने चिप सोडवली, प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्रात बसवली आणि तो तिच्यातला बिघडलेला मजकूर वाचत बसला. एकदा नव्हे, दोनदा. मी वैतागलो. "नासकं काय वाचतोस? पूस आणि लिही."

"मामू, आधी जुनी प्रत ठेवायची. दोन्ही वाचनं जुळली, तरच ती खरी."

मग त्याने चिप पुसली, नवा मजकूर लिहिला, पुन्हा ताडून पाहिला. टीव्ही सुरू झाला, पण बातम्या देणारी बाई डोक्यावर उभी! मॉडेल एक असलं, तरी दोन टीव्हींचे पडदे वेगळ्या बनावटीचे होते. शिवाय भंगारातल्या टीव्हीचा अनुक्रमांक आणि नेटवर्कवरची ओळखही याच्या अंगावर आली होती. मी म्हणालो, तसं आधीच पुसलं असतं, तर काकूंच्या टीव्हीची ओळख कायमची गेली असती. पण जुनी प्रत जपलेली होती. तिच्यातला पडद्याचा आणि ओळखीचा भाग शाबूत निघाला. तेवढा त्याने परत बसवला, बाकीचा मजकूर दुसऱ्याचा राहू दिला. चित्र सरळ झालं.

मला चाकणचे संताजी जगनाडे आठवले. तुकोबांचे अभंग त्यांनी वह्यांत लिहून ठेवले. अक्षर संताजींचं, पण नाममुद्रा तुकोबांचीच राहिली. नकल करणाऱ्याचा धर्म तोच. मजकूर वाचवायचा, ओळख बदलायची नाही.

भाच्याने काय काय केलं, ते काकूंना सांगितलं आणि पावतीवरही लिहून दिलं. बोर्डाच्या किमतीपुढे मजुरी किरकोळ होती.

श्रोतेहो, तुमचं एखादं यंत्र असंच अडलं, तर कारागिराला एवढंच विचारा : "जुनी प्रत ठेवलीत ना?" तो "हो" म्हणाला, तर निर्धास्तपणे यंत्र त्याच्या हाती द्या. माझ्यासारखी घाई मात्र करू नका.