ग्वारीघाट ते भेडाघाट

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात एका निवृत्त भूगोल शिक्षकाने केलेले भाषण)



महोत्सव समितीने मला शाळेच्या आठवणी सांगण्याची आज्ञा केली आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्याहून चांगले केले. मी भूगोलाचा शिक्षक. मी एका वाटेविषयी बोलणार आहे, आणि बोलता बोलता एक कबुलीही देणार आहे.

१९७९ ते १९९७ या काळात जे नववीत होते, त्यांना ही वाट ठाऊक आहे. संक्रांतीची जत्रा उरकली की त्यानंतरच्या पहिल्या रविवारी पहाटे आपण हाऊबाग स्टेशनवर जमत असू. छोट्या लाईनच्या गाडीने ग्वारीघाटला उतरायचे आणि नर्मदेच्या उत्तर काठाने तिलवारा, लम्हेटा करीत दिवस मावळायच्या आत भेडाघाट गाठायचे. शाळेच्या दप्तरात तिची नोंद ‘भौगोलिक सहल’ अशी असे. मुले तिला नुसते ‘चाल’ म्हणत. अशा एकोणीस चाली झाल्या.

या उपक्रमाचे श्रेय मला दिले जाते, ते मी घेऊ नये. १९७७ साली आपल्या शहरातील एक चित्रकार, अमृतलाल वेगड, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना नर्मदेच्या काठाने पायी निघाले. त्यांचा पहिला टप्पा जबलपूर ते मंडला हा होता. वेगडांचा जन्म १९२८ चा, जबलपूरचाच, मातृभाषा गुजराती, चित्रकलेचे शिक्षण शांतिनिकेतनात, नंदलाल बोस यांच्या हाताखाली. त्यांनी परिक्रमा एका दमात केली नाही. नोकरी आणि संसार असलेल्या माणसाला जशी जमेल तशी, सुट्टी पाहून, तुकड्यातुकड्यांनी केली. पुढे त्यांनी ती हिंदीत लिहिली आणि गुजरातीतही. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या त्यांच्या गुजराती पुस्तकाला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जबलपुरात राहून घरची भाषा कशी सांभाळावी, हा प्रश्न आपल्या शाळेला साठ वर्षे पडलेला आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच शहरात पायी हिंडत होते, हे मला येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. पण १९७८ च्या सुमारास माझ्या मनात आलेला विचार अगदी साधा होता. चित्रकला शिकवणारा गृहस्थ मंडल्यापर्यंत चालतो, तर भूगोल शिकवणाऱ्याने भेडाघाटपर्यंत तरी चालावे.

आता त्या वाटेवर थोडे चलावे.

ग्वारीघाट सोडला की घंटा आणि नाविकांच्या हाका हळूहळू मागे पडतात. जानेवारीत नदीवर धुके असते. पलीकडचा काठ दिसत नाही, पण तिकडचा माणूस खाकरला तर ऐकू येतो. काठच्या मळ्यांतून वांगी आणि हरभरा. मधेच एखादा नाला, त्यात उतरायचे आणि चिखलाचे पाय घेऊन वर यायचे. तिलवाऱ्याला पहिली मोठी विश्रांती. १९३९ चे त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले होते आणि सुभाषबाबू त्याचे अध्यक्ष होते. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन येथेही झाले. नऊ वर्षांच्या अंतराने एकाच घाटावर या दोघांची आठवण ठेवावी लागते, हे मी दर वर्षी सांगत असे. आणि दर वर्षी मुलांचे लक्ष शेणीच्या आरात भाजल्या जाणाऱ्या गक्कडांकडे असे. गक्कड-भरत्यापुढे इतिहासाने हार मानावी, यात मला कधी गैर वाटले नाही.

तिलवारा ते लम्हेटा हा भाग मला सर्वांत प्रिय. येथे माझा विषय पायाखाली येतो. ज्या खडकांना जगभरचे भूवैज्ञानिक ‘लॅमेटा’ म्हणतात, त्यांना ते नाव या आपल्या घाटावरून मिळाले आहे. १८२८ साली स्लीमनला जबलपूरच्या छावणीजवळ, बडा शिमला टेकडीवर, काही प्रचंड हाडे सापडली, ती याच थरांतली. पुढे १८७७ मध्ये लायडेकरने त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. भारतात डायनोसॉरच्या अभ्यासाचा आरंभ आपल्या गावात झाला, हे नववीच्या मुलाला पुस्तकातून सांगितले तर तो जांभई देतो; त्याच थरावर बसवून सांगितले तर दगड उचलून खिशात घालतो. आणि या थरांच्या वर काय आहे? काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसातून सह्याद्री घडला, त्याचीच ही टोकाची बाजू. आजोबांचे गाव साताऱ्याकडे कोठेतरी आहे, एवढेच ठाऊक असलेल्या मुलांना मी सांगत असे, की तुमच्या गावचा दगड तुमच्या आधी येथे येऊन पोहोचला आहे.

लम्हेट्याच्या पुढे धुवांधारचा आवाज पाण्याआधी येतो. मग संगमरवराचे कडे, त्यांना लटकलेली आग्या मोहळे, आणि टेकडीवर चौसष्ट योगिनींचे कलचुरीकालीन वर्तुळाकार देवालय. नाव चौसष्टचे, पण खण ८१. ते मोजण्याची पैज दर वर्षी लागे. तेथील गौरीशंकराचे मंदिर राणी अल्हणदेवीने बांधविले, त्याचा शिलालेख ११५५ चा. कलचुरींचे हे लेख ज्यांनी संपादून १९५५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले, ते महामहोपाध्याय वा. वि. मिराशी नागपूरचे. मराठी माणसाने या मातीसाठी काय केले असे कोणी विचारले, तर तलवारीआधी मी त्या दोन जाड ग्रंथांकडे बोट दाखवतो.

परंतु ज्यासाठी ही चाल व्हावी असे मला वाटते, ते स्थळ कोणत्याही एका घाटावर नाही. परिक्रमेचा नियम असा, की नर्मदा नेहमी उजव्या हाताला ठेवावी आणि तिचे पात्र ओलांडू नये. त्यामुळे उत्तर काठाचा परिक्रमावासी पूर्वेला, अमरकंटकाकडे तोंड करून चालतो. आपण चालत होतो पश्चिमेला. म्हणजे आपली चाल उलटी होती! एका पालकांनी मला सविस्तर पत्र लिहून हा दोष दाखवून दिला होता. मी दिशा बदलली नाही, कारण उलटे चालल्यामुळे प्रत्येक परिक्रमावासी आपल्याला समोरून भेटे. ‘नर्मदे हर’ची देवघेव होई, थोडे थांबणे होई, बोलणे होई. त्यांत महाराष्ट्रातले पुष्कळ. एका वर्षी पंढरपूरकडच्या एक वृद्ध बाई मुलांचे मराठी ऐकून थबकल्या. एका मुलीला त्यांनी विचारले, ‘‘कुठलं गं गाव तुझं?’’ ती म्हणाली, ‘‘जबलपूर.’’ ‘‘अगं, ते राहायचं. मूळ गाव?’’ मुलगी गोंधळली. मग नदीकडे हात करून म्हणाली, ‘‘आजी, आमचं हेच.’’ बाईंनी तिच्या हातावर गूळ ठेवला आणि त्या पुढे निघाल्या. मराठी शाळा जबलपुरात कशासाठी, या विषयावर मी अनेक परिसंवाद ऐकले आहेत. त्या मुलीचे उत्तर मला त्यांपैकी कशातही सापडले नाही.

आता कबुली.

जानेवारी १९९७ ची चाल शेवटची ठरली. आपला नियम होता, की एक शिक्षक सर्वांच्या पुढे आणि एक सर्वांच्या मागे. त्या दिवशी पुढे मी होतो. लम्हेट्याला थर दाखवण्याच्या भरात मी माझी जागा सोडून मध्ये थांबलो. पुढची चार मुले तशीच खाली उतरली. शेवाळलेल्या दगडावरून एकाचा पाय घसरला आणि गुडघ्याखालचे हाड मोडले. गावकऱ्यांनी त्याला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणले. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. इस्पितळात त्याच्या वडिलांनी मला एका शब्दाने विचारले नाही. उलट चहा पाजला.

त्याच वर्षी २२ मे रोजी पहाटे भूकंप झाला. शाळेच्या भिंतींना तडे गेले आणि पुढचे वर्ष डागडुजीत सरले. जानेवारी आला तेव्हा तेच वडील मला भेटायला आले. ‘‘सर, यंदा चाल कधी? आमचा विचारतोय.’’ मी म्हणालो, ‘‘शाळेची परवानगी मिळाली नाही.’’ मी परवानगी मागितलीच नव्हती. त्या वेळच्या मुख्याध्यापकांनीही मला विचारले, तेव्हा मी सांगितले, की पालक तयार नाहीत. दोन्ही बाजूंना मीच दुसरीचे नाव सांगितले आणि दोन्ही बाजूंनी माझ्यावर विश्वास ठेवला. एखादा उपक्रम बंद पडतो, तेव्हा लोक काळाला दोष देतात. ही चाल काळाने बंद पाडलेली नाही. भीती माझी होती आणि तिला मी इतरांची नावे दिली. ज्यांचा पाय मोडला ते गृहस्थ आज या सभागृहात आहेत की नाहीत, मला माहीत नाही. असतील तर त्यांना आणि त्यांच्यानंतर नववीत आलेल्या सर्वांना मी हे सांगणे लागतो.

काही महिन्यांपूर्वी मी हे सारे आताच्या मुख्याध्यापिका बाईंना सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘सर, वाट अजून आहे का?’’

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. म्हणून गेल्या महिन्यात, गुडघे देतील तसतसा, नातवाला बरोबर घेऊन तीन दिवसांत ती वाट मी पुन्हा पाहिली. वाट आहे, पण पूर्वीसारखी सलग नाही. काही ठिकाणी ती सिमेंटच्या रस्त्यात विरली आहे. दोन ठिकाणी काठापर्यंत कुंपण आले आहे. एका कुंपणाशी मालक उभा होता. परिक्रमावाल्यांना सोडतो, म्हणाला, तुम्हालाही सोडतो. आणि त्याने तार उचलून धरली. दुसऱ्या ठिकाणी कोणी नव्हते, आम्ही शेतांतून वळसा घेतला.

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, बास्क किनाऱ्यावर राहते. तिला मी हे कळवले, तेव्हा तिने तिकडच्या वाटेची छायाचित्रे पाठवली. बिदार गावापासून स्पेनच्या सीमेवरील आंदायपर्यंत समुद्राच्या कड्याकड्याने पंचवीस किलोमीटरच्या आसपास जाणारी ही पाऊलवाट. मला छायाचित्रांहून तिच्या पत्रातील एक वाक्य मोलाचे वाटले. फ्रान्समध्ये ३१ डिसेंबर १९७६ च्या कायद्याने समुद्रकाठच्या खाजगी जमिनींतूनही पादचाऱ्यांसाठी तीन मीटर रुंदीची वाट राखली आहे. कडा ढासळला तर वाट आत सरकते, पण चालणाऱ्याचा हक्क राहतो. आपल्याकडे नर्मदेच्या काठाची वाट शतकानुशतके राहिली ती चालणाऱ्यांमुळे, आणि तार उचलून धरणाऱ्यांमुळे. तिला दुसरा आधार नाही. कोणी चालेनासे झाले, की उचलण्यासाठी कोणी थांबत नाही.

आणि काही वाटा चालूनही राहत नाहीत. वेगड १९७७ साली मंडल्याकडे ज्या काठाने गेले, त्याच्या वाटेवर बरगी धरणाचे काम तेव्हा सुरू होते. १९९० मध्ये ते पूर्ण झाले आणि सुमारे ७५ किलोमीटर लांबीच्या जलाशयाखाली तो काठ, त्यावरची गावे, त्यांतली माणसे ज्या पारांवर बसत ते पारही गेले. त्या पाण्याने आपल्याला वीज दिली, शेती दिली; मी त्याच्याशी भांडत नाही. पण आजचा परिक्रमावासी तेथे जलाशयाला लांबचा वळसा घालतो आणि जुना काठ वेगडांच्या पानांतच चालतो. ग्वारीघाट ते भेडाघाट हा आपला तुकडा मात्र अजून पाण्याबाहेर आहे. भेडाघाट आणि लम्हेटाघाट यांची नावे २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली, याचा मला आनंद आहे. यादीत नाव येते ते घाटांचे. दोन घाटांमधल्या पाऊलवाटेचे येत नाही.

तर बाईंच्या अनुमतीने, आणि या वेळी ती खरोखरच लेखी मागून आणि मिळवून, मी जाहीर करतो, की येत्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी चाल निघेल. दिशा जुनीच, म्हणजे उलटी. छोटी गाडी आता नाही, तेव्हा सकाळी सहा वाजता थेट ग्वारीघाटावर जमावे. नववीच्या मुलांसाठी पालकांचे संमतिपत्र आवश्यक आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी वीस जणांची गरज आहे. नावे कार्यालयात द्यावीत. एक शिक्षक पुढे, एक मागे, आणि पुढच्याने काहीही दिसले तरी थांबायचे नाही. थर दाखवण्याचे काम मी तिलवाऱ्याला बसून, नकाशावर करीन; तेथून पुढे माझ्याने होणार नाही. गक्कड-भरत्याची व्यवस्था माझ्याकडे. प्रत्येकाने पाण्याची बाटली, टोपी आणि दुपारसाठी थोडा गूळ जवळ ठेवावा. बूट नवे नकोत. जुने, पायाला सरावलेले असावेत.