तबकडीला डोळे नसतात



स्विंग नाचासाठी जाझ संगीताची निवड कशी करावी, हा आजचा विषय फलकावर वाचून काहींना वाटले असेल की, ज्ञानेश्वरीपासून अर्थकारणापर्यंत सारे ऐकणाऱ्या या श्रोतृवर्गापुढे हे काय वाढून ठेवले! शिवाय अशा समारंभात संगीत लावणाऱ्या माणसाला आज सारे जग ‘डीजे’ म्हणते, आणि डीजे म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढे वरातीपुढे चालणारा, खिडक्यांची तावदाने हलविणारा ट्रक उभा राहतो. मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो माणूस त्याच्या अगदी उलट आहे. तो आवाज वाढवीत नाही, तो पाहतो. किंबहुना, त्याने पाहिले पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हे संगीत आपल्या कानांना तसे परके नाही. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून टेडी वेदरफोर्डसारखे पियानोवादक आले. त्यांच्या संगतीत आपल्या गोमंतकीय वादकांनी हे संगीत आत्मसात केले आणि पुढे नाचाच्या तक्तपोशीसमोर स्वतःचे वाद्यवृंद उभे केले. त्यांतला एक ट्रम्पेटवादक म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ. लोक त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखत. पुणतांब्यास जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी त्याला चित्रपटसंगीतात साहाय्यक म्हणून घेतले. १९५१च्या ‘अलबेला’तली गाणी ऐकताना ज्यांचे पाय खुर्चीखाली हलले असतील, त्यांनी स्विंगशी ओळख नाही असे म्हणू नये!

स्विंग म्हणजे काय? चार मात्रांचा साधा ठेका घ्या. प्रत्येक मात्रेचे दोन तुकडे करा. पण ते समान करू नका. पहिला लांब, दुसरा आखूड. आणि टाळी पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर न देता दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर द्या. एवढ्याने लयीला जो हेलकावा मिळतो तो स्विंग. या हेलकाव्यावर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुण-तरुणींनी १९२०नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक नाच घडविला. त्याचे नाव लिंडी हॉप. जोडीने करावयाचा हा नाच. पण त्यात जोडी क्षणभर सुटते, ज्याला जे सुचेल ते करते आणि पुन्हा मिळते. आधी बसविलेले थोडे, आयत्या वेळी सुचलेले फार.

या नाचाचे माहेरघर म्हणजे लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवरचे सॅव्हॉय नृत्यगृह. ते १२ मार्च १९२६ रोजी उघडले. त्याच हार्लेममधल्या कॉटन क्लबात कृष्णवर्णीयांनी रंगमंचावर नाचावे-वाजवावे, पण प्रेक्षक म्हणून आत येऊ नये, असा रिवाज होता. सॅव्हॉयमध्ये मात्र गोरे आणि काळे एकाच दाराने आत येत आणि एकाच तक्तपोशीवर नाचत. तेथे वाद्यवृंदांसाठी दोन व्यासपीठे होती. एक वृंद थांबला की दुसरा सुरू होई, आणि कधी कधी दोघांचा सामना जुंपे. ११ मे १९३७ रोजी चिक वेबच्या वृंदासमोर बेनी गुडमनचा देशभर गाजलेला वृंद उभा राहिला, आणि घरच्या रसिकांनी कौल दिला तो वेबला. चिक वेब हा ढोलवादक; पाठीच्या क्षयाने खुंटलेला, बुटका; पण साऱ्या नृत्यगृहाची नाडी त्याच्या हाती असे.

ही नाडी त्याला सापडे, कारण तो नाचणाऱ्यांकडे पाहून वाजवीत असे. फ्रँकी मॅनिंग या थोर नर्तकाने एक हकीकत सांगून ठेवली आहे. १९३५ साली सॅव्हॉयमधल्या एका चढाओढीत त्याने फ्रीडा वॉशिंग्टन या जोडीदारणीला आपल्या पाठीवरून पलटी देऊन पलीकडे उतरविले. असे पूर्वी कोणी केले नव्हते. त्या वेळी वेबचा वृंद त्यांचे पाऊल न् पाऊल टिपत होता. आपल्या तमाशाच्या फडात ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पावलांवर खिळलेली असते, तद्वतच हे. लेस्टर यंगसारखा सॅक्सोफोनचा महान वादकही म्हणे की, नाचणाऱ्यांची लय वादकाकडे परत येते.

पुढे ही देवघेव तुटली. १९४२च्या ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. युद्धाने वृंदांतले तरुण ओढून नेले. १९४४ साली अमेरिकन सरकारने, जेथे खाणेपिणे व नाचगाणे एकत्र चालते अशा ठिकाणांवर तीस टक्के कर बसविला. तो पुढे कमी झाला, परंतु अनेक मालकांनी तोवर नाचाची जागा टेबले मांडून भरून टाकली होती. जाझही बदलले, बीबॉप नावाची नवी, बुद्धिमान, अतिजलद शैली आली आणि तिचे श्रोते खुर्चीवर बसून ऐकू लागले. त्या शैलीला मी नावे ठेवीत नाही. ती थोरच आहे. पण नाच पोरका झाला. १९५८ साली सॅव्हॉय बंद पडले, पुढच्या वर्षी ते जमीनदोस्त झाले. फ्रँकी मॅनिंग टपाल खात्यात नोकरी करू लागला.

या नाचाचे पुनरुज्जीवन झाले ते १९८०नंतर. १९८४ साली काही स्वीडिश तरुणांनी सॅव्हॉयच्या अल मिन्स या जुन्या नर्तकाला शिकविण्यासाठी स्टॉकहोमला नेले. त्यानंतर लोकांनी मॅनिंगलाही शोधून काढले, आणि २००९ साली वयाच्या ९४व्या वर्षी निधन होईपर्यंत तो देशोदेशी शिकवीत राहिला. आज हा नाच जगभर चालतो. मात्र एक फरक पडला. दर आठवड्याला पंधरा वादकांचा वृंद कोणाला परवडणार? म्हणून बहुतेक ठिकाणी ध्वनिमुद्रिका आली. आणि रसिकहो, तबकडीला डोळे नसतात. समोर कोण दमले, कोण बावरले, कोण कोपऱ्यात बसून राहिले, हे चिक वेबला दिसे. तबकडीला दिसत नाही. ती निवडणाऱ्या माणसाने तिचे डोळे व्हावयाचे असते. त्याचे सारे कर्तव्य या एका वाक्यात आले.

आता हे कर्तव्य दोन प्रसंगी दोन प्रकारे बजवावे लागते. एक प्रसंग नुसत्या मेळाव्याचा, दुसरा चढाओढीचा.

मेळाव्यात नाचणारे सारखे नसतात. कोणी दहा वर्षे नाचतो आहे, कोणी आज संध्याकाळी पहिला धडा घेतला आहे. मिनिटाला १२० ते १८० मात्रा ही लय बहुतेकांना झेपते. काउंट बेसीच्या वृंदाचे ‘शायनी स्टॉकिंग्ज’ हे मॅनिंगचे आवडते गाणे या पट्ट्याच्या खालच्या टोकाशी आहे. त्याच वृंदाचे १९३८चे ‘जंपिन अ‍ॅट द वुडसाइड’ दोनशेच्या वर धावते. ते लावू नये असे नाही. निष्णात मंडळींनाही आपला घाम गाळावयाचा असतो. पण असे एक गाणे झाले की पुढचे दोन मध्यलयीचे हवेत, नाही तर नवखा माणूस जो खुर्चीवर बसतो तो घरी जाण्यासाठीच उठतो. लय चढवावी, उतरवावी, पुन्हा चढवावी. सारा वेळ १४० हेही बरे नव्हे. रोज एकच भाजी असली की जेवणाऱ्याची भूक मरते.

लांबीचेही असेच. जुनी दहा इंची तबकडी तीन मिनिटांत संपे. ती त्या काळच्या यंत्राची मर्यादा होती. पण तीन मिनिटे हा अनोळखी माणसाबरोबर नाचण्यास फार सभ्य काळ आहे! जोडी जमली तर आणखी एक गाणे मागता येते, न जमली तर आभार मानून मोकळे होता येते. बेनी गुडमनचे १९३७चे ‘सिंग, सिंग, सिंग’ विख्यात आहे. पण ते आठ मिनिटांहून लांब आहे. ज्या मुलीला आपल्या जोडीदाराचा हात नकोसा झाला आहे, तिला ती आठ मिनिटे काय वाटतील, याचा विचार संगीत लावणाऱ्याने करावयास नको काय?

तिसरी गोष्ट ठेक्याची. नवख्याला गाण्यात चालण्याची वाट स्पष्ट दिसली पाहिजे. बेसीच्या वृंदात वॉल्टर पेजचा डबल बास, फ्रेडी ग्रीनची गिटार आणि जो जोन्सचे ढोल चारही मात्रा अशा समसमान अंथरीत की, त्यांवर कोणीही पाऊल टाकावे. आणि ज्या समाजाने हा नाच दिला त्याचे संगीत आधी वाजावे, हा साधा कृतज्ञतेचा भाग आहे. ग्लेन मिलरचे ‘इन द मूड’ सर्वांना ठाऊक असते, लोक ते मागतात. मागोत, जरूर लावावे. परंतु एलिंग्टन, बेसी, वेब, लन्सफर्ड, अर्स्किन हॉकिन्स यांना वगळून सारी रात्र गेली, तर घरच्या यजमानाला ओसरीवर बसवून पाहुण्यांनीच पंगत उरकल्यासारखे होते.

आता चढाओढ. येथे प्रश्न रंजनाचा कमी आणि न्यायाचा अधिक असतो. एका प्रकारात चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात. जोडीदारही अनोळखी आणि गाणेही आधी न सांगितलेले. ऐकता किती येते, जुळवून किती घेता येते, याची ती परीक्षा. तेथे पहिल्याच फेरीत भरधाव गाणे लावले, तर परीक्षा कानांची न होता फुप्फुसांची होते. आधीच्या फेऱ्यांत मध्यलय, अखेरीस द्रुत, हा क्रम म्हणूनच योग्य. एकाच फेरीतल्या निरनिराळ्या गटांना वेगवेगळी गाणी लावावी लागतात. त्यांची लय मात्र जवळजवळ सारखी असावी. एका गटाला १६० आणि दुसऱ्याला १९० हा उघड पक्षपात होय, मग तो नकळत का होईना.

आणखी एक अन्याय असा आहे की, तो डोळ्यांना दिसत नाही, मोजल्यावर दिसतो. अंतिम फेरीत जोड्या पाळीपाळीने पुढे येतात. समजा, प्रत्येकीला आठ-आठ मात्रांचे चार गट, म्हणजे बत्तीस मात्रा दिल्या. ‘स्टॉम्पिन अ‍ॅट द सॅव्हॉय’ या गाण्याचे एक आवर्तन अशा बत्तीस मात्रांच्या चार भागांचे आहे: मुखडा, पुन्हा मुखडा, अंतरा, मुखडा. प्रत्येक जोडीला एक पुरा भाग मिळतो. पण जोड्या जर चारच असतील, तर प्रत्येक फेऱ्यात अंतरा नेमका तिसऱ्या जोडीच्या वाट्यास येईल! वेगळ्या सुरावटीचा लाभ म्हणा, जाच म्हणा, तो तिच्या एकटीचाच. याला तोड म्हणजे पाळ्यांचा क्रम बदलणे. बेसीच्या ‘वन ओक्लॉक जंप’ची गोष्ट आणखी निराळी. ते ब्लूज आहे. त्याचे आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचे, म्हणजे आठांच्या सहा गटांचे. तेथे चार गटांचा नियम ठेवला की पहिली जोडी आवर्तनाच्या आरंभी नाचते, दुसरी मात्र अर्ध्यात शिरते. संगीताचे वाक्य संपते तिच्या पाळीच्या मध्यावर. बिचारी कितीही चांगली नाचो, तिचा शेवट आणि गाण्याचा शेवट जुळत नाही, आणि प्रेक्षक म्हणतात, हिला ऐकू येत नाही! ब्लूज लावावयाचे तर पाळी सहा गटांची ठेवावी. दोनशेच्या लयीत ती चौदा-पंधरा सेकंदांची होते, म्हणजे फार लांबतही नाही.

यासाठी संगीत निवडणाऱ्याने प्रत्येक गाणे आधी घरी बसून मोजलेले असावे. प्रास्ताविक किती मात्रांचे, मध्येच वाद्ये थांबतात काय, लय शेवटी पळते काय, हे त्याने निवेदकाला सांगावे. १९३५ सालचे ध्वनिमुद्रण आणि १९५६ सालचे ध्वनिमुद्रण यांच्या आवाजात फार अंतर असते. घुमणाऱ्या मोठ्या सभागृहात जुन्याचा बास बुडून जातो. ते आधी तपासून आवाजाची पातळी सारखी करावी. हे काम कंटाळवाणे आहे. पण तराजू पुसून ठेवणे हे दुकानदाराचे कामच आहे.

कोणी म्हणेल, “प्रेक्षकांना तर वेगच आवडतो. १९४१च्या ‘हेल्झापॉपिन’ चित्रपटातला तो तुफानी लिंडी हॉप पाहूनच आम्ही या नाचाकडे वळलो!” खरे आहे. मात्र ते पडद्यावरचे नर्तक हर्बर्ट व्हाइटच्या पथकातले निवडक व्यवसायी होते, त्यांचा नाच बसविलेला होता आणि तो काही मिनिटांत संपणारा होता. रात्रभर नाचणाऱ्या गावाला तो मापदंड लावणे म्हणजे सर्कशीतला झोका पाहून घरच्या पाळण्याला तितकाच हेलकावा देण्यासारखे आहे. टाळ्या संगीत निवडणाऱ्याला मिळाव्यात, हा त्याचा हेतूच नसावा. टाळ्या नाचणाऱ्याला मिळाल्या की त्याचे काम झाले.

सॅव्हॉयची वास्तू आज उरलेली नाही. तिथला वाद्यवृंद आणि तिथले नर्तक यांच्यात जी नजरानजर होती, ती मात्र कोणत्याही गावात, कोणत्याही भाड्याच्या सभागृहात पुन्हा जुळविता येते. त्यासाठी फार मोठा ध्वनिमुद्रिकांचा संग्रह लागत नाही. आपल्या आवडीच्या गाण्यांच्या यादीवरून मान वर करून, भिंतीलगतच्या खुर्च्यांवर कोण कोण बसून राहिले आहे, हे पाहावे लागते. आणि पुढचे गाणे त्या माणसासाठी लावावे लागते.