'आइन्स्टाईनपण उशिराच बोलला होता': ऑटिझम, एडीएचडी आणि आमचा चिकू

(एपिसोडचा लिखित मजकूर. अडखळलो ते थोडं नीट केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग रेकॉर्ड करायचा म्हणून तीन वेळा माइक लावला आणि तीन वेळा बंद केला. विषय घरचा आहे, आणि त्यात माझी एक चूक आहे. आधी तीच सांगून टाकतो.

माझा भाचा. त्याला आपण चिकू म्हणू, खरं नाव नाही सांगत. ताई कराडला असते, मी पुण्यात. चिकू एकोणीस महिन्यांचा असताना ताईचा फोन आला. "अरे, हा हाक मारली तर बघत नाही. आणि बोट दाखवत नाही कशाकडे." मी तेव्हा ऑफिसात एका रिलीजच्या गडबडीत. म्हटलं, "ताई, गूगल करत बसू नकोस. आइन्स्टाईनपण उशिराच बोलला होता." आमच्या घरात मी बीटेक, त्यामुळे लॅपटॉपपासून लिव्हरपर्यंत सगळ्यावर माझं मत चालतं. त्यांच्या डॉक्टरांनीही 'मुलगे बोलतात उशिरा' म्हणून परत पाठवलं. सासूबाई म्हणाल्या, "याचा बापही तीन वर्षांचा होईस्तोवर मुकाच होता." झालं. सगळ्यांचं एकमत. दहा महिने गेले.

ताईने सांगितलेल्या त्या दोन गोष्टी, हाकेला न बघणं आणि बोट न दाखवणं, याच ऑटिझमच्या सगळ्यात आधी दिसणाऱ्या खुणांपैकी आहेत. तिने आजाराचं नाव न घेता अगदी बरोबर वर्णन केलं होतं. मला कळलं नाही, एवढंच.

बोट दाखवण्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मला हे फार इंटरेस्टिंग वाटलं. मूल दोन कारणांनी बोट दाखवतं. एक, 'मला ते बिस्किट दे.' दुसरं, 'ए, बघ, विमान!' दुसऱ्यात त्याला काहीच नको असतं. त्याला फक्त ते विमान तुमच्यासोबत बघायचं असतं. ते बोट दाखवतं, मग मान वळवून तुमच्याकडे बघतं, की तुम्हीपण बघताय ना. वर्ष-दीड वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं हे आपोआप करतात. भाषा बरीचशी याच खेळातून शिकली जाते. दोघं एकाच गोष्टीकडे बघतायत आणि मोठं माणूस म्हणतंय, "विमान!" चिकूला बिस्किट हवं असलं की तो ताईचा हात धरून डब्यापर्यंत न्यायचा. विमान मात्र कधीच दाखवलं नाही.

आणि ऐकू येत होतं त्याला. पुड्याचा कागद वाजला की आतल्या खोलीतून पळत यायचा. तरीही असं काही दिसलं तर कानांची तपासणी आधी करून घ्यावी. आमच्याकडे बेरा टेस्ट झाली, नॉर्मल आली. त्यानंतर साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मूल्यमापन. चिकू अडीच वर्षांचा होता. स्वमग्नता.

मला हा शब्द पटत नाही, खरं सांगतो. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. आमचा चिकू स्वतःत कुठे बुडालेला असतो? तो लिफ्टच्या आकड्यांत बुडालेला असतो, पंख्यात असतो, मेट्रोत असतो. पण सरकारी कागदावर तोच शब्द आहे, त्यामुळे माहीत हवा.

मग सुरू झालं 'कुणामुळे झालं'. ताई बँकेत नोकरी करते. "सहाव्या महिन्यात कामावर गेली, पोराला आईच मिळाली नाही." हे तिच्या तोंडावर बोललं गेलं, सत्यनारायणाच्या दिवशी. मी त्या रात्री वाचायला बसलो, आणि कळलं की हा आरोप काही आमच्या घरात जन्मलेला नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, ऑटिझमची आधुनिक ओळख तिथून सुरू झाली असं मानतात. (खरं तर ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टर बाईंनी सहा मुलांवर १९२५ मध्येच लिहिलं होतं, पण त्यांचं नाव कोण घेतो!) पुढे कॅनरच्या लिखाणातल्या थंड स्वभावाच्या पालकांच्या उल्लेखावरून 'रेफ्रिजरेटर मदर' ही कल्पना पसरली. आई फ्रीजसारखी थंड, म्हणून मूल मिटलं. १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइमने यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ते गाजलंसुद्धा.

१९७७ मध्ये इंग्लंडमध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत किमान एकाला ऑटिझम होता. एकसारख्या दिसणाऱ्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघांनाही निघाला. बाकीच्या दहा जोड्यांत दोघांना असं एकदाही नाही. आकडा लहान आहे, पण दिशा स्पष्ट होती. हे मुख्यतः अनुवंशिक आहे, मेंदूच्या जडणघडणीतलं आहे. आईच्या नोकरीतलं नाही. हा भाग मी व्हॉइस नोट करून आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. कुणी उत्तर दिलं नाही. ताईने फक्त एक अंगठा टाकला.

लसीमुळे होतं का? नाही. १९९८ च्या ज्या पेपरवरून हे उठलं त्यात बारा मुलं होती, २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवाना गेला. पुढे चला.

मोबाइलमुळे? इथे जरा थांबू. लहान बाळाच्या हातात स्क्रीन नकोच. दोन वर्षांच्या आत शक्यतो नाही आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय. स्क्रीनमुळे समोरासमोर बोलणं कमी होतं, आणि बोलणं उशिरा येऊ शकतं. पण 'यूट्यूब बंद करा, आपोआप ठीक होईल' या सल्ल्यात लोक सहा-सहा महिने घालवतात. मोबाइल बंद करा, आणि त्याच आठवड्यात तपासणीची वेळही घ्या.

आता एडीएचडी. चिकू आता सहा वर्षांचा आहे, पहिलीत. बाईंची तक्रार आली, वर्गात बसत नाही, अर्धं वाक्य ऐकून उठतो. परत तपासणी. तो एडीएचडीचाही असू शकतो म्हणाले. मला वाटलं, एकावर एक फ्री आहे का? पण दोन्ही एकत्र असणं अजिबात दुर्मीळ नाही. गंमत म्हणजे अमेरिकेच्या ज्या नियमपुस्तकावरून जगभर निदान होतं, त्यात २०१३ पर्यंत दोन्ही एकाच मुलाला द्यायला मनाई होती. पाचव्या आवृत्तीत ती काढली.

"पण मोबाइलवर तास तास बसतो की! मग लक्ष कसं नाही?" हे वाक्य तुमच्या घरातही ऐकलं असेल. एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही, ते हव्या ठिकाणी वळवणं आणि तिथे टिकवणं जमत नाही. आम्हा इंजिनियरांना लॉग लेव्हल माहीत असते. प्रोग्राम हजार गोष्टी नोंदवत असतो, आपण सांगतो की फक्त एरर दाखव, बाकी दडव. ते सेटिंगच बिघडलं तर? बाईंचा आवाज, पंख्याची घरघर, शेजारच्याची पेन्सिल, सगळं सारख्याच जोरात. मोबाइल मात्र दर दहा सेकंदाला नवीन काहीतरी देऊन लक्ष स्वतःच ओढून धरतो. मुलाला काही करावंच लागत नाही.

आणि हो, चंचल मूल म्हणजे लगेच एडीएचडी नव्हे. लक्षणं किमान सहा महिने हवीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, आणि घर-शाळा अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसायला हवीत. मुली यात फार सुटतात. खिडकीतून बाहेर बघणारी शांत मुलगी कुणाला त्रास देत नाही, मग तिला तपासायला कोण नेणार? अगदी लहान मुलांत आधी पालकांना प्रशिक्षण देतात, गोळ्यांचा विचार नंतर.

मी पूर्वी सगळीकडे सांगत फिरायचो, "ऑटिझम हा बग नाही, वेगळी ऑपरेटिंग सिस्टम आहे." टाळ्या मिळायच्या. ताईने एकदा ऐकलं. म्हणाली, "तुझी ऑपरेटिंग सिस्टम रात्री तीनला भिंतीवर डोकं आपटते ना, तेव्हा ये सांभाळायला." तेव्हापासून ते वाक्य बंद.

कामाचं सांगतो. जिल्हा रुग्णालयांत 'डीईआयसी' नावाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमातलं, मोफत. खाजगीत आम्ही एका सेशनचे आठशे रुपये देत होतो, आठवड्याला तीन, त्यामुळे हे नाव लक्षात ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे प्रमाणपत्र निघतं. एडीएचडी त्या यादीत वेगळं नाही. आणि कुणी स्टेम सेलचं पॅकेज विकत असेल तर उठून या. ऑटिझमसाठी ती मान्य उपचारपद्धती नाही. दाजी जवळजवळ ॲडव्हान्स भरून आले होते.

दहा महिने आधी गेलो असतो तर काय झालं असतं? मी थेरपिस्टना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते कुणीच सांगू शकत नाही. आज घरी काय करता ते सांगा."

चिकू आता बोलतो. पुण्याला आला की वनाझवरून मेट्रोत बसवावं लागतं, सगळी स्थानकं क्रमाने पाठ आहेत. घोषणा जशीच्या तशी म्हणतो, त्याच आवाजात. पूर्वी आम्ही गप्प करायचो, "पोपटपंची पुरे." डिसेंबरात चुलतभावाचं लग्न होतं. हॉलमध्ये डीजे. चिकू कानांवर हात ठेवून माझ्याजवळ आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "दरवाजे डावीकडे उघडतील."

मला दोन सेकंद लागली. मग त्याला उचललं आणि बाहेर पडलो. दरवाजा उजवीकडे होता, ते त्याने मला लगेच सांगितलंसुद्धा. जेवणं होईपर्यंत आम्ही दोघं पार्किंगमध्ये गाड्यांचे नंबर वाचत बसलो.

चला, आज इथेच थांबतो. पुढच्या भागात ताई स्वतः येणार आहे. मी फक्त माइक धरणार, असं तिने आधीच बजावलंय.