पाठचे बाळ येण्याआधी

(मेळघाटातील कोरकू आई-वडिलांसाठी दिलेले भाषण)



आज दोन गोष्टी बोलायच्या आहेत. एक बाळाचे खाणे, दुसरी दोन बाळंतपणांतले अंतर. वाटतात वेगळ्या, पण आहेत जोडलेल्या.

आफ्रिकेतल्या आजच्या घाना देशात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाई होत्या. पाय सुजलेली, केस भुरकट झालेली, सारखी किरकिरणारी मुले त्यांना दिसत. तिथल्या आया या आजाराला ‘क्वाशिओरकॉर’ म्हणत. म्हणजे पाठचे बाळ आले की थोरल्याला जडतो तो आजार. १९३५ साली बाईंनी हेच नाव डॉक्टरी जगापुढे मांडले.

कुठे आफ्रिका नि कुठे मेळघाट! पण आपल्याकडे तरी काय वेगळे होते? मूल वर्षाचे होते न होते, तोच पुन्हा दिवस जातात. थोरले अंगावरून तुटते. त्याच्या ताटलीत उरते नुसती पातळ पेज. दिवाळीनंतर आई-बाप कामाला बाहेरगावी जातात, अंगणवाडी सुटते. होळीला गाव भरते, तेव्हा मूल वाळलेले असते.

हे टाळता येते. कसे ते ऐका.

जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्या. चीक फेकू नका. ६ महिने फक्त आईचे दूध. वरचे पाणीसुद्धा नको.

६ महिने भरले की वरचे खाणे सुरू करा. कुटकीचा मऊ भात, तुरीचे घट्ट वरण, वर थोडे तेल. शेवग्याचा पाला, अंडे, नदीचे मासे. हे सारे आपलेच आहे. पातळ पेजेने पोट भरते, अंग भरत नाही. चहा-बिस्किटाने तर नाहीच. वर्षाच्या मुलाला दिवसातून पाच वेळा थोडे थोडे भरवा. अंगावरचे दूध २ वर्षांपर्यंत चालू ठेवा.

अंगणवाडीत वजन करा, दंड मोजून घ्या. ६ महिन्यांपुढच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोट फुगले म्हणून डाग देऊ नका. भूमकाला मान जरूर द्या, पण लेकराला डॉक्टरकडेही न्या.

आणि भावांनो, आता तुमच्याशी. दोन मुलांत ३ वर्षांचे अंतर ठेवा. तांबी, गोळ्या, निरोध सरकारी केंद्रात फुकट मिळतात. आता मूलच नको असेल, तर पुरुषांची नसबंदी बायकांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. ताकद जात नाही. जबरदस्ती कोणाचीच नाही. नवरा-बायकोने बसून बोला, नर्सबाईंना विचारा, मग ठरवा.

थोरल्याच्या वाटणीचे दूध नि आईच्या अंगातले रक्त, दोन्ही या अंतरानेच राखले जाते.

पहिलं पळू लागू दे,
मग दुसरं येऊ दे!