कान झाकणारं मूल

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेलं भाषण)



गणपतीच्या आरतीला झांजा सुरू झाल्या की कान झाकून हॉलबाहेर पळणारा मुलगा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तो माझा मुलगा. "फार लाडावलाय हो," ही कुजबुजही मी ऐकली आहे. राग नाही, कारण आधी मलाही तसंच वाटायचं.

तीन वर्षांचा झाला तरी तो जेमतेम दहा शब्द बोलायचा. नखं कापताना किंचाळायचा, हाताला वरणभात लागला की रडायचा. झोपाळ्यावरून मात्र उतरायचा नाही!

आधी कान तपासले. ऐकू नीट येत होतं. मग स्पीच थेरपिस्टने आम्हाला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं. तिथे पहिल्यांदा जीन एअर्स हे नाव ऐकलं. या अमेरिकन बाईंनी १९७२ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. स्पर्श, आवाज, तोल या सगळ्यांचा मेळ मेंदूला घालावा लागतो. काही मुलांना साधा आवाजही कर्कश्श वाटतो, तर काहींना गरागरा फिरूनही पुरत नाही.

यावरच्या उपचारांबद्दल तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत, आणि उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला हा त्रास असतोच असं नाही. पण दोन्ही एकत्र आलं की पंचाईत! त्रास होतोय, पण सांगायला शब्द नाहीत. मग उरतं रडणं, चावणं, पळणं. त्यालाच आपण हट्ट म्हणतो.

नर्सरीतल्या एका बाईंनी सांगितलं, "घरी मराठी बंद करा." मग आजीशी फोनवर तो काय बोलणार? थेरपिस्टने स्पष्ट सांगितलं की दोन भाषांमुळे हा दोष होत नाही, घरची भाषा चालू ठेवा.

इथे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोघांना भाषाविकासाची अडचण असते. म्हणजे आपल्या मंडळातही अशी मुलं असणारच. शंका आली तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. हेल्थ व्हिजिटरला किंवा जीपीला विचारा.

आणि मंडळाला एक विनंती. कार्यक्रमात एक खोली शांत ठेवा. झांजा, फटाके सुरू होण्याआधी सांगा. "काकांना नाव सांग ना!" असा आग्रह नको.

गेल्या गणपतीत तो कानांवर इअर डिफेंडर लावून दाराशी उभा राहिला. पूर्ण आरती ऐकली आणि म्हणाला, "आई, मोदक."

दिवाळीच्या शुभेच्छा!