कुपीतले तेल आणि आठवड्याचा वर्ग



या मालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे तो पगार, बोनस आणि महागाई यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. आज तसे होणार नाही. ख्रिस्ती माणूस रोजच्या श्रद्धेने आणि सहभागितेने मनाची सिद्धता कशी राखतो, हा आजचा विषय आहे. आम्ही ख्रिस्ती नाही, आणि आमचे शिक्षणही शाळेपेक्षा सार्वजनिक वाचनालयातच अधिक झाले. तरी हा विषय आम्ही मागून घेतला. कारण आमच्या कामगार संघटनेचे मूळ शोधता शोधता आम्ही एका प्रार्थनामंदिराच्या दारात जाऊन पोहोचलो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, दहा कुमारींचा दाखला आहे. वर यायचा आहे, दहाहीजणींच्या हाती दिवे आहेत. वराला उशीर होतो आणि दहाहीजणींना झोप लागते. शहाण्या पाचजणीही झोपल्याच होत्या. फरक होता तो कुपीतल्या जादा तेलाचा. मध्यरात्री हाक येते, तेव्हा मूर्ख पाचजणी तेल मागतात, शहाण्या देत नाहीत. त्या विकत आणायला जातात, तोवर दार बंद होते.

पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हांला त्या शहाण्यांचा रागच आला. संघटनेत वाढलेल्या माणसाला तो यायचाच. एकाच्या ताटातली भाकर दुसऱ्याला देणे हेच आम्ही शिकत आणि शिकवत आलो. पण संप पाहिलेल्या माणसाला दुसरी गोष्टही ठाऊक असते. विसाव्या दिवशी डब्यातले पीठ संपते, पोराला ताप येतो, आणि दिवेलागणीला मालकाचा माणूस गोड बोलत दारात येतो. शेजारी पीठ उसने देईल. त्या घटकेला लागणारा धीर मात्र तो देऊ शकत नाही. येशूचा दाखला या धीराविषयी आहे, असे आम्ही समजतो.

मग प्रश्न येतो, की तेल उसने मिळतच नसेल, तर सहभागिता हवी कशाला? ज्याने त्याने घरी दार लावून प्रार्थना करावी म्हणजे झाले!

याचे उत्तर आम्हांला ब्रिस्टल शहरात मिळाले. जॉन वेस्ली हा मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक, 1703 साली जन्मला, 1791 साली वारला. मजुरांना कामावर जाण्यापूर्वी ऐकता यावे म्हणून तो पहाटे पाचला प्रवचन करी. आपल्याकडची ती काकडआरतीची वेळ. 1742 साली ब्रिस्टलच्या मंदिरावरचे कर्ज कसे फेडावे याचा विचार चालला होता. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचविले, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणी म्हणाले, पुष्कळांना तेवढीही जड जाईल. त्यावर तो म्हणाला, सर्वांत गरीब असे अकराजण माझ्याकडे द्या. ज्याला जमणार नाही त्याची मी भरीन.

पेनी गोळा करायला माणसे दारोदार जाऊ लागली आणि त्यांना घराघरांतले दिसू लागले. कोण पुन्हा पिऊ लागला, कोणाचे बायकोशी पटत नाही, कोण अंथरुणाला खिळला. वेस्ली कर्ज विसरला नाही, पण या माहितीचे मोल त्याने अधिक ओळखले. पुढे दारोदार जाण्याऐवजी बारा-एक माणसांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे असे ठरले. यालाच ते ‘क्लास’, म्हणजे वर्ग, म्हणत. वर्गाचा पुढारी पाळक नसे. तो चांभार असे, खाणीतला मजूर असे, कित्येकदा बाई असे. प्रत्येकाने सांगायचे, गेला आठवडा कसा गेला, जिवाचे कसे चालले आहे. मग प्रार्थना, मग पेनी. घरी रोज वाचन आणि प्रार्थना होतीच; पण ती खरोखर होते की नुसता दिवस ढकलला जातो, हे विचारणारा कोणी तरी आठवड्यातून एकदा समोर असे. तेल कोणी कोणाला देत नव्हता. कुपीत किती उरले आहे, हे मात्र विचारले जात होते.

या शिस्तीतून काय तयार झाले, ते टॉलपडल या खेड्यात दिसते. डॉर्सेट परगण्यातले हे गाव. तेथे शेतमजुरांची मजुरी आठवड्याला नऊ शिलिंगांवरून आठ, आठावरून सात झाली आणि पुढे सहा होणार असे कळले. पूर्वी मजूर आणि मालक यांच्यात बोलणे झाले, तेव्हा गावचा धर्मगुरू साक्षीला होता. पुढे तोच आपल्या शब्दाला मुकरला. 1833 साली मजुरांनी संघटना काढली. पुढारी जॉर्ज लोव्हलेस हा नांगर धरणारा माणूस. स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. आठवडाभर शेतात राबायचा आणि मेथॉडिस्ट सभांतून उपदेश करायचा. 24 फेब्रुवारी 1834 रोजी पहाटे शिपाई आला. लोव्हलेस आणि त्याचे पाच सोबती त्याच्याबरोबर सात मैल चालत डॉर्चेस्टरला गेले. संघटना काढणे गुन्हा नव्हता, म्हणून आरमारातल्या बंडानंतर 1797 साली केलेला बेकायदा शपथांचा कायदा त्यांना लावला, आणि सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सहापैकी पाचजण मेथॉडिस्ट होते.

संघटना सोडतो असे कबूल कर, असे तुरुंगात सुचविले गेले तेव्हा लोव्हलेसने नकार दिला. तुरुंगातल्या धर्मोपदेशकाने तर त्यांना आळशी आणि असंतुष्ट म्हणून बोल लावले! एक धर्मगुरू शब्द फिरवतो, दुसरा कोठडीत येऊन टोचतो, आणि तरी या माणसाची श्रद्धा ढळत नाही. धर्मगुरूवर ती उभी असती तर केव्हाच कोसळली असती. आमच्या मते ती आठवड्याच्या बैठकीत आणि रोजच्या वाचनात मुरलेली होती. बायकापोरांना गावाची मदत नाकारण्यात आली. संघटनेला द्यायला पैसे होते ना, मग आता मदत कशाला, असे ऐकवले गेले. तेव्हा दूरच्या अनोळखी कामगारांनी वर्गणी काढून ती घरे जगवली. तेल देता येत नाही, पण भाकर देता येते, हा भेद येथे स्पष्ट दिसतो.

दुसरी बाजू लपवणे आम्हांला रुचत नाही. ई. पी. टॉम्पसन या इतिहासकाराने 1963 साली इंग्लंडच्या कामगारवर्गावरील ग्रंथात मेथॉडिस्टांवर कडक टीका केली. या पंथाने मजुरांना गिरणीच्या शिस्तीला जुंपायला मदत केली, असे त्याचे म्हणणे. ते बरेचसे खरे आहे. पंथाची वरची मंडळी कामगार संघटनांकडे संशयानेच पाहत. म्हणून आम्ही पंथाची तरफदारी करीत नाही. त्या बारा माणसांच्या वर्गाविषयी बोलतो आहोत.

तो वर्गही पुढे क्षीण झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोक वर्गाला येईनासे झाले. आमच्याकडे काय निराळे घडले? वर्गणी पगारातून परस्पर कापली जाऊ लागली तेव्हा आम्हांलाही सोयीचेच वाटले. हिशेब चोख झाला, आणि महिन्याकाठी खात्याखात्यांतून फिरणारा, घरी कसे आहे म्हणून विचारणारा प्रतिनिधी नाहीसा झाला. एका कारखान्यात नावे शेकड्यांनी नोंदलेली होती. टाळेबंदी झाली तेव्हा दहाव्या दिवशी दारावर चौदा माणसे उरली. त्या चौदांतले नऊजण दर शनिवारी एका चाळीच्या गच्चीवर बसणारे होते. भजन होई, वाचन होई, भांडणेही होत.

लोव्हलेसचे पुढे काय झाले, असे एका गृहस्थांनी व्याख्यानापूर्वीच विचारले होते, ते सांगून थांबतो. देशभर ओरड झाली, 21 एप्रिल 1834 रोजी लंडनमध्ये प्रचंड मिरवणूक निघाली, आणि 1836 साली सहाहीजणांना माफी मिळाली. लोव्हलेस 1837 साली परतला. पुढे पाचजण कुटुंबांसह कॅनडात लंडन नावाच्याच गावाजवळ जाऊन शेती करू लागले; मागच्या गोष्टींचा त्यांनी तेथे गवगवा केला नाही. लोव्हलेस तेथेही मेथॉडिस्ट मंडळीतच राहिला आणि 1874 साली वारला. जेम्स हॅमेट तेवढा टॉलपडलला राहिला. त्याचा अंत 1891 साली डॉर्चेस्टरच्या दरिद्रीगृहात झाला. त्याची कबर टॉलपडलच्या चर्चच्या आवारात आहे.