नकार लिहिणारा डॉक्टर कुठला?

कॅलिफोर्नियात कामावर एखाद्या गवंड्याची पाठ दुखावली, तर उपचाराचा खर्च मालकाच्या विमा कंपनीकडे जातो. डॉक्टरांनी एमआरआय किंवा शस्त्रक्रिया सुचवली की तशी लेखी विनंती कंपनीकडे करावी लागते. तिथे नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी माणसांनाही हाच कायदा लागू आहे. मंजुरी कंपनीचा साधा कर्मचारीही देऊ शकतो. नकार द्यायचा, तर तो त्या दुखण्याची जाण असलेल्या परवानाधारक डॉक्टरनेच द्यायचा. ही अट अगदी रास्त आहे.

पण परवाना कुठला? अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना प्रत्येक राज्य आपापला देतं. अशा विनंत्यांची तपासणी चालवणाऱ्या वैद्यकीय संचालकाकडे कॅलिफोर्नियाचाच परवाना लागतो. कागद वाचून नकार लिहिणाऱ्याकडे मात्र कुठल्याही राज्याचा असला तरी चालतो. म्हणजे ओहायोतला डॉक्टर, रुग्णाला हातही न लावता, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरातल्या मजुराची फिजिओथेरपी थांबवू शकतो. टेक्सासने अशा तपासणीला टेक्सासचाच परवाना सक्तीचा केला आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसं विधेयक मंजूर केलं होतं, पण २०११ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ते सही न करता परत पाठवलं.

एका नकाराने काय होऊ शकतं, ते पाहा. पाठीच्या दुखापतीनंतर नैराश्य आलेल्या एका कामगाराला क्लोनोपिन हे औषध चालू होतं. २०१३ मध्ये तपासणी करणाऱ्या भूलतज्ज्ञाने ते अनावश्यक ठरवलं. हे औषध हळूहळू कमी करायचं असतं. त्याचं मात्र एकदम बंद झालं, आणि त्याच्या म्हणण्यानुसार त्याला चार वेळा झटके आले. तो न्यायालयात गेला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासणी करणाऱ्यांवर असा नुकसानभरपाईचा दावा चालणार नाही, दाद कामगार-भरपाईच्या व्यवस्थेतच मागावी लागेल.

दाव्याची वाट अशी बंद झाल्यावर परवान्याचं मोल वाढतं. जो परवाना कॅलिफोर्नियाच्या मेडिकल बोर्डाने दिलेलाच नाही, तो हे बोर्ड काढून कसा घेणार? म्हणून मला टेक्सासची वाट बरोबर वाटते. ज्या राज्यातल्या माणसाचा उपचार अडवायचा, त्या राज्याला नकार देणारा डॉक्टर उत्तर द्यायला बांधील असलाच पाहिजे.

तोवर, नकाराचं पत्र आलं तर ते बाजूला ठेवू नका. स्वतंत्र वैद्यकीय फेरतपासणी मागण्यासाठी साधारणतः ३० दिवस मिळतात, औषधांच्या काही वादांत तर दहाच. आपल्या डॉक्टरांनाही लगेच सांगा: त्यांना पाठवलेल्या पत्रात नकार देणाऱ्याचं नाव, वैद्यकीय विषय आणि फोनची वेळ असावी लागते. त्यांनी तो फोन जरूर करावा.